बंदुकीचे वास्तवदर्शी पेन्सिलचित्र : एक विवेचन

१. विषयाची व्याप्ती

कागदावर बंदूक तीन रूपांत येते. पहिले रूप खुणेचे. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापासून मराठी रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर पिस्तूल दिसत आले. तिथे नळी आणि मूठ ओळखू आली की चित्रकाराचे काम भागत असे. दुसरे रूप आराखड्याचे. यंत्रशाळेतल्या आलेखात प्रत्येक माप चोख असते, पण त्या बंदुकीवर कुठूनही उजेड पडलेला नसतो. तिसरे रूप वस्तुचित्राचे. त्यात एकच ठरावीक बंदूक असते, ती एका जागी ठेवलेली असते, आणि एका उजेडात, एका ठिकाणाहून पाहिलेली असते. शिसपेन्सिलीने हुबेहूब बंदुका काढण्याचा छंद ज्यांना असतो त्यांना हे तिसरे रूप साधायचे असते. प्रस्तुत विवेचन तेवढ्यापुरतेच आहे.

महाराष्ट्रात शिकलेल्यांना हा प्रकार मुळात अनोळखी नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्राची वेगळी प्रश्नपत्रिका असते, आणि भूमितीचीही असते. बादली, किटली, बरणी मांडून जे शिकवले जाते तेच बंदुकीच्या चित्रात पुढच्या इयत्तेत जाते. फरक असा की किटलीची तोटी थोडी वाकडी झाली तरी किटली टिकते. बंदुकीची नळी तेवढीच वाकली तर ती बंदूक राहत नाही.

येथे मांडायचा मुद्दा असा. बंदुकीच्या चित्राचा खरेपणा दोन ज्ञानांवर उभा असतो : कोणता भाग काय काम करतो याचे ज्ञान, आणि घासलेल्या पोलादावर उजेड कसा वागतो याचे ज्ञान. स्क्रू, खाचा, कोरलेले आकडे हे सारे बारकावे त्यानंतरचे. ही दोन्ही ज्ञाने वस्तूसमोर बसून मिळतात. आपल्याकडे अडचण नेमकी तिथे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून अग्निशस्त्र बाळगता येत नाही, त्यामुळे मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या सामान्य घरात बंदूक असण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून साधने आणि तंत्र यांइतकाच नमुन्याचा प्रश्नही या विषयात महत्त्वाचा ठरतो.

२. साधन : ग्राफाइट आणि कागद

पेन्सिलीच्या कांडीत शिसे नसते, ग्राफाइट असते. या पदार्थाचा तोफांशी जुना संबंध आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल खोऱ्यात शुद्ध ग्राफाइटचा साठा सापडला. तोफगोळे ओतण्याच्या साच्यांना आतून लेप देण्यासाठी ते वापरले जाई, म्हणून त्या खाणीवर पहारा असे. पुढे क्रांतीनंतरच्या युद्धात फ्रान्सला हा माल मिळेनासा झाला. तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मिसळून, भट्टीत भाजून कांड्या तयार केल्या आणि १७९५ साली त्याचे पेटंट घेतले. आजही पेन्सिल याच रीतीने बनते. माती जास्त असली की कांडी कठीण आणि फिकी होते, ती ‘एच’ची बाजू. ग्राफाइट जास्त असले की मऊ आणि गडद होते, ती ‘बी’ची बाजू.

छांदिष्टाला या मिश्रणाचा अर्थ नीट कळायला हवा. मऊ पेन्सिल कागदाच्या उंचवट्यांवर बसते आणि खळग्यांत पांढरे ठिपके सोडते. तो खरखरीतपणा लाकडी दस्त्याला किंवा खाचा पाडलेल्या मुठीला शोभतो. पोलादाला तो मारक ठरतो. पोलादासाठी एच किंवा एचबीचे हलके थर एकावर एक द्यावे लागतात. प्रत्येक थर आधीच्या थराला थोडा तिरका असावा, म्हणजे खळगे भरत जातात. गडदपणा लागेल तिथेच २बी, ४बी वापरावी आणि वरून पुन्हा कठीण पेन्सिल फिरवावी. नवशिका ८बी घेऊन जोरात घासतो आणि धातूऐवजी कोळशाचा तुकडा काढून बसतो.

ग्राफाइटला स्वतःची करडी चकाकी असते. ही चकाकी निळसर काळे पाणी चढवलेल्या पोलादाच्या चकाकीच्या फार जवळची आहे. फुलाच्या किंवा चेहऱ्याच्या चित्रात ती खटकते, बंदुकीच्या चित्रात मदतीला येते. शिसपेन्सिल या विषयाला इतकी मानवते त्याचे कारण हे आहे. मात्र याच गुणामुळे तिला खरा काळा रंग देता येत नाही. कितीही दाबले तरी कडेने पाहिल्यावर तो भाग चमकतोच. नळीच्या तोंडाचा आतला अंधार चमकला तर चित्र फसते, म्हणून तेवढ्या टिकलीपुरती कोळशाची किंवा कार्बनची पेन्सिल वापरणे योग्य.

साहित्यासाठी उपनगरवासीयाला लांब जावे लागत नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या आणि आता कोकुयो कॅम्लिन नावाने चालणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय अंधेरीच्या एमआयडीसीतच आहे. तिच्या ड्रॉइंग पेन्सिली, कोळसा-पेन्सिली शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. कागदाची निवड मात्र विचाराने करावी. शाळेत वापरला जाणारा कार्ट्रिज पेपर पूर्वी खरोखरच बंदुकीची कागदी काडतुसे वळण्यासाठी वापरला जात असे. त्याचा पोत मध्यम असतो आणि सरावाला तो पुरतो. अंतिम चित्रासाठी गुळगुळीत, जाड कागद घ्यावा.

मुंबईच्या हवेचा हिशेबही साधनांतच धरला पाहिजे. जून ते सप्टेंबर कागद दमट राहतो. दमट कागदात पेन्सिलीचे टोक रुतते, खोडले की तंतू उठतात, आणि उठलेल्या तंतूंवर पोलादाचा गुळगुळीतपणा पुन्हा कधी येत नाही. म्हणून कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कोरडा ठेवावा आणि घामट हाताखाली दुसरा कागद घ्यावा. पावसाळ्यात खोडरबर घासण्यापेक्षा मळता येणारा रबर दाबून उचलावा, हे उत्तम.

३. रचना : माप, अक्ष, लंबवर्तुळ

पहिला निर्णय चित्राच्या आकाराचा. भारतीय पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली ली-एनफिल्ड .३०३ रायफल घेऊ. तिची लांबी सुमारे ११३० मिलिमीटर आहे. ए-३ कागदाची लांब बाजू ४२० मिलिमीटर असते. एकास तीन प्रमाण धरले तर चित्र ३७७ मिलिमीटरचे होते आणि दोन्ही बाजूंना जेमतेम वीस मिलिमीटर जागा उरते. नळीचे छिद्र मुळात ७.७ मिलिमीटरचे, ते चित्रात अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. ए-४ कागदावर एकास पाच प्रमाण घ्यावे लागते आणि छिद्र दीड मिलिमीटरवर उतरते. एवढ्याशा जागेत कड, जाडी आणि आतला अंधार हे तिन्ही दाखवता येत नाही. म्हणून लहान कागदावर अख्खी रायफल काढण्यापेक्षा तिचा एक भाग, म्हणजे चापाची जागा, खटका (बोल्ट) किंवा नळीचे टोक मोठे करून काढणे शास्त्राला धरून आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर ए-४ वर जवळजवळ मूळ मापात बसते, त्यामुळे आरंभ त्यांनी करावा.

दुसरी पायरी अक्षाची. नळीच्या मध्यातून जाणारी रेषा आधी आखावी आणि सर्व भाग तिच्या संदर्भाने मांडावेत. नेम धरण्याच्या खुणा नळीच्या वर, तिच्याशी जवळजवळ समांतर असतात. दस्ता किती खाली उतरतो, मूठ किती अंशांनी झुकते, हे सारे या रेषेवरून मोजायचे. मोजण्यासाठी जुनी रीत पुरेशी आहे : हात ताठ, पेन्सिल डोळ्यासमोर, अंगठ्याने खूण. रिकाम्या जागांचे आकारही मोजावेत. चापाभोवतीच्या कड्यातली मोकळी जागा ही फार चांगली तपासणी आहे. तिचा आकार बरोबर आला की आसपासचे चार भाग आपोआप जागेवर येतात.

तिसरी पायरी लंबवर्तुळाची. बंदूक बाजूने पाहिली तर सोपी असते. ती जरा तिरकी झाली की नळीचे तोंड, रिव्हॉल्व्हरचे चक्र, दुर्बिणीची काच ही सगळी वर्तुळे लंबवर्तुळे होतात. नियम असा की लंबवर्तुळाचा आखूड व्यास दंडगोलाच्या अक्षाच्या रेषेतच असतो. हा नियम मोडला की नळी पिळवटलेली दिसते, आणि पाहणाऱ्याला दोष सांगता आला नाही तरी खटकतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लंबवर्तुळाच्या दोन टोकांना अणकुचीदार करणे. लंबवर्तुळाला कुठेही कोपरा नसतो. इंटरमिजिएटच्या भूमितीत जे रटाळ वाटले त्याचा उपयोग येथे समजतो.

४. प्रकाश आणि पृष्ठभाग

रचना बरोबर असूनही चित्र प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखे दिसते, ही सर्वांत मोठी तक्रार. तिचे कारण छटांच्या क्रमात सापडते. खडूच्या कांडीसारख्या निस्तेज दंडगोलावर उजेडाकडून अंधाराकडे छटा हळूहळू बदलत जाते. घासलेला धातू तसा वागत नाही. तो आजूबाजूची खोली परावर्तित करतो. त्यामुळे नळीच्या लांबीला समांतर असे पट्टे दिसतात, आणि पांढऱ्याशुभ्र पट्ट्याला लागूनच गडद काळा पट्टा येतो, मध्ये करड्याची पायरी नसते. नवशिका मधली पायरी घालतो, बोटाने किंवा कापसाने घासून सारे मऊ करतो, आणि पोलादाचे मेण होते. धातूच्या चित्रात कडा तीक्ष्ण ठेवण्याचे धैर्य लागते.

पेन्सिलीला रंग नाही, म्हणून पदार्थांतला भेद छटा आणि कडा यांनीच दाखवायचा असतो. त्याचे वर्गीकरण असे करता येते.

(अ) निकेलचा मुलामा : पांढरा आणि काळा शेजारीशेजारी, करडा अगदी थोडा, कडा धारदार.

(आ) निळसर काळे पाणी दिलेले पोलाद : सर्वसाधारण छटा गडद, उजळ पट्टा अरुंद आणि त्याच्या कडा किंचित विरलेल्या. धारांवरचे पाणी वापराने झिजते, तिथे फिकी रेघ दिसते. ही झीज दाखवली की बंदुकीला वय येते.

(इ) लष्करी मंद मुलामा : उजळ बिंदू जवळजवळ नाहीत, छटा संथ बदलते.

(ई) लाकूड : दोन थर. खाली रेषांचा प्रवाह, वर रोगणाची चमक. चमक रेषांच्या प्रवाहाबरोबर वळत नाही, हे ध्यानात ठेवले नाही तर लाकूड रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसते.

(उ) जुन्या हिंदुस्थानी नळ्यांवरचे पोलादी जौहर (पोलादातलीच लाटांसारखी नक्षी) आणि कोफ्तगिरी (सोन्या-चांदीची जडवणूक) : नक्षी आधी काढू नये. आधी दंडगोलाच्या छटा पूर्ण कराव्यात, मग नक्षी त्या छटांत बुडवावी, म्हणजे ती अंधाऱ्या बाजूला विझत जाईल.

सरावासाठी बंदूक लागतच नाही. स्टीलचा पेला, डबा, तांब्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. इमारतींच्या गर्दीत खिडकीतून येणारा उजेड अनेकदा समोरच्या भिंतीवरून आलेला, विखुरलेला असतो, आणि छताची ट्यूबलाइट डब्यावर एकच लांब पांढरी रेघ उमटवते. ती रेघ नीट पाहावी. रायफलच्या नळीवरही तीच उमटते. उजेडाचा एकच स्रोत ठेवून, बाकीचे दिवे बंद करून, नऊ पायऱ्यांची छटांची पट्टी शेजारी ठेवून स्टीलचा डबा काढता आला, तर पोलादाचा निम्मा अभ्यास झाला.

५. कार्याचे ज्ञान

बंदूक हे यंत्र आहे, आणि यंत्रातल्या प्रत्येक वळणाला कारण असते. कारण माहीत असले की हात चुकत नाही. कलाश्निकोव्ह रायफलची काडतूसपेटी केळ्यासारखी वाकलेली असते. तिचे काडतूस तळाशी जाड आणि पुढे निमुळते असल्यामुळे एकावर एक रचली की रास आपोआप वळते. हे न कळता काढलेले वळण कधी कमी पडते, कधी जास्त. बहुतेक रायफलींत रिकामे आवरण उजवीकडून बाहेर पडते आणि खटक्याची मूठही उजवीकडे असते. मोबाइलवर आडवी उलटलेली प्रतिमा पाहून काढलेल्या चित्रात ती डावीकडे जाते, आणि जाणकाराला चूक पहिल्या नजरेत कळते.

आपल्या जुन्या बंदुकांना हाच नियम लागू आहे. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात धरणारा चिमटा आणि नळीच्या बाजूला कानाजवळची (बत्तीच्या छिद्राजवळची) दारूची वाटी यांचे अंतर जुळलेच पाहिजे, नाहीतर वात दारूवर टेकणार कशी? गारेच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यातली गार आणि समोरची पोलादी पट्टी एकमेकींच्या वाटेत हव्यात. ठासणीच्या बंदुकीचा गज नळीखालच्या खोबणीत मावला पाहिजे, आणि तो नळीच्या तळापर्यंत पोचेल इतका लांब हवा. चित्रकाराला बंदूक चालवता येण्याची गरज नाही. पण चित्रातली बंदूक मनातल्या मनात चालवून पाहता आली पाहिजे. ज्या चित्रात चाप ओढल्यावर काहीच हलणार नाही, ते कितीही गुळगुळीत असले तरी वास्तवदर्शी नव्हे.

६. नमुन्याचा प्रश्न

बहुसंख्य छांदिष्ट फोटोवरून काढतात. फोटोचे तीन दोष सांगता येतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच रुंद दृश्य टिपणारी असते, त्यामुळे जवळून घेतलेल्या फोटोत नळीचे तोंड अवाजवी मोठे आणि दस्ता अवाजवी लहान येतो. अंधाऱ्या भागातला तपशील कॅमेरा एका काळ्या डागात गिळून टाकतो. आणि एका फोटोत वस्तूची मागची बाजू नसते, त्यामुळे जोडणी समजत नाही. व्हिडिओ गेममधल्या प्रतिमेत यांखेरीज चौथा दोष असतो : तिथला उजेडच बनावट असतो.

मग उपनगरातल्या माणसाने काय पाहावे? सोपे ते अवघड असा क्रम लावता येतो.

पहिला नमुना दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल. पत्र्याचे असो वा ओतीव, त्यात चाप, घोडा, मूठ सारे असते, आणि ते हातात घेऊन फिरवता येते. पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांची जोडरेघ काढणे हा उत्तम धडा आहे.

दुसरा नमुना जुहू चौपाटीवरची फुगे फोडायची छऱ्याची बंदूक. बंदूक मधोमध मोडून छरा भरायची तिची रचना उघड दिसते, लाकडी दस्ता झिजलेला असतो, आणि संध्याकाळचा तिरका उजेड फुकट मिळतो. गर्दी नसताना विचारले तर टेबलावर ठेवलेली बंदूक रेखाटायला कोणी हरकत घेण्याचे कारण नाही.

तिसरा नमुना क्रीडा-रायफल. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यामुळे नेमबाजीकडे वळणारी मुले महाराष्ट्रात आहेत, आणि ओळखीत अशी एखादी व्यक्ती सापडू शकते. दहा मीटर प्रकारातली ४.५ मिलिमीटर छऱ्याची रायफल, तिचा कमीजास्त करता येणारा दस्ता, उघडे स्क्रू हे रचनेच्या अभ्यासाला फार उपयोगी. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना .२२ रायफलचे भाग नावानिशी पाठ असतात. त्यांना चित्र दाखवून चुका काढून घ्याव्यात.

चौथा आणि सर्वांत समृद्ध नमुना संग्रहालयाचा. पश्चिम रेल्वेने चर्चगेटला किंवा मध्य रेल्वेने सीएसएमटीला उतरले की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पायी गाठता येते. तिथल्या शस्त्रदालनात अकबराची ढाल आणि चिलखत आहे. शेकडो वर्षे जुने पोलाद काचेआड, स्थिर उजेडात, हवा तितका वेळ समोर राहते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि कोल्हापूरचा न्यू पॅलेस येथेही शस्त्रे आहेत. सुट्टीत मुरूड-जंजिऱ्याला गेलात तर कलाल बांगडी तोफेपुढे वही उघडा. हातातल्या बंदुकीशी तिचे नाते दूरचे, पण भर उन्हातल्या दंडगोलावर छटा कशा बसतात ते इतक्या मोठ्या आकारात दुसरीकडे पाहायला मिळणे कठीण. पेन्सिल आणि लहान वही घेऊन जाताना दाराशी नियम विचारून घ्यावेत.

एक पथ्य आवश्यक आहे. स्टेशनवर पहाऱ्यावर असलेल्या जवानाचे शस्त्र उभे राहून रेखाटू नये. त्याला संशय येणे रास्त आहे, आणि त्याच्या कामात व्यत्यय येतो.

७. आक्षेप आणि त्याचे परीक्षण

हा छंद हिंसेचे कौतुक करतो, असा आक्षेप घेतला जातो. मुंबईत तो उडवून लावता येणार नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये संगीत-उद्योजक गुलशन कुमार यांची हत्या अंधेरीत गोळ्या झाडून झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. या शहरात कलाश्निकोव्हची बाह्यरेषा पाहून काही घरांत जेवण थांबते. चित्रकाराने हे जाणून घेतले पाहिजे.

परंतु आक्षेपाचा रोख तपासला तर तो पहिल्या रूपावर, म्हणजे खुणेवर आहे. धाक, ऐट, सूड हे भाव खुणेत असतात : नळी पाहणाऱ्याकडे रोखलेली, मागे अंधार, धूर. वस्तुचित्रात बंदूक टेबलावर पडलेली असते आणि पाहणारा तिच्याकडे लोहाराच्या आणि सुताराच्या नजरेने पाहतो. म्हणून दोन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. चित्रात बंदूक कोणावर तरी रोखलेली आहे का? आणि चित्रातून धातू, लाकूड, जोडणी यांबद्दल काही नवे कळते का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘होय’ असेल तर तो अभ्यास आहे. उत्तरे उलटी असतील तर ते पोस्टर आहे, आणि त्याचा न्याय पोस्टर म्हणूनच व्हावा. मुलाच्या वहीत बंदुका दिसल्या म्हणून घाबरणाऱ्या पालकांनीही वही फाडण्याआधी या दोन कसोट्या लावून पाहाव्यात.

८. निष्कर्ष

या छंदात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायचे असेल तर तासांची संख्या किंवा स्क्रूंची संख्या मोजू नये. नळीचा अक्ष सरळ आहे का, लंबवर्तुळे अक्षाशी जुळतात का, पांढऱ्याशेजारी काळा ठेवण्याचे धाडस केले आहे का, आणि चाप ओढला तर यंत्र चालेल का, हे चार प्रश्न पुरेत. या चारांत उतरलेले टिकल्यांच्या पिस्तुलाचे चित्र फोटोवरून घासून काढलेल्या कुठल्याही रायफलपेक्षा वरचे मानावे. सुरुवात करणाऱ्याने एक एचबी, एक ४बी, गुळगुळीत कागद आणि घरातला स्टीलचा डबा घेऊन बसावे. डबा जमला की दिवाळीपर्यंत थांबून पिस्तूल घ्यावे, आणि पिस्तूल जमले की एखाद्या रविवारी रेल्वेचे तिकीट काढून संग्रहालयात जावे.